संघासाठी पॉइंट गार्ड कसा निवडावा: परभणीच्या कोर्टावरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परभणीच्या बास्केटबॉल क्लबात दीड महिना एकच वाद चालला होता. जुना पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून चाली लावणारा खेळाडू, नोकरी लागून पुण्याला गेला. त्याच्या जागी कोण, यावर सराव संपला की रोज चहाच्या टपरीवर दोन तट पडायचे. बाहेरची नावं तीन होती. इथे त्यांना जर्सीच्या नंबरानेच ओळखू. सात नंबर संभाजीनगरचा. हातात बॉल आला की समोर एक असो की दोघं, तो रिंगपर्यंत जाणारच. चार नंबर पूर्णेचा, बुटका, शांत, स्कोअरशीटवर नावापुढे फारसं काही न दिसणारा. अकरा नंबर नांदेडचा, सहा फूट एक इंच, पोलीस भरतीची तयारी करणारा. चौथ्या क्वार्टरलाही त्याचे पाय पहिल्या क्वार्टरसारखेच पळायचे. "सर, सातलाच घ्या, काय खेळायलाय बघा ना ते पोरगं," असं अर्धा संघ म्हणत होता. आणि एक चौथं नाव होतं, जे कोणी मोठ्याने घेत नव्हतं: आमचाच एकोणीस वर्षांचा राखीव गार्ड, जो तीन वर्षं बेंचवर बसून याच दिवसाची वाट बघत होता.

ही निवड चुकली की सगळा हंगाम हातचा जातो, हे मी एकदा भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी एका निमंत्रितांच्या स्पर्धेत एका पोराने आमच्याविरुद्ध गुणांचा पाऊस पाडला, आणि पुढच्याच महिन्यात मी त्याला आमच्याकडे आणलं. गुण त्याने आमच्याकडेही केले. पण आमचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या जागेत, हात वर करून उभा राहायचा आणि बॉल त्याच्याकडे यायचाच नाही. तिसऱ्या स्पर्धेनंतर सेंटर सरावाला यायचा बंद झाला. त्यात त्या नव्या पोराचा दोष नव्हता, तो जसा होता तसाच खेळला. सगळ्यात चांगला कोण, एवढंच मी बघितलं होतं. आमच्या चौघांना बॉल हवा तिथे, हवा तेव्हा कोण पोचवेल, हे बघायला हवं होतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका चुकीतून आलेल्या आहेत.

पहिली पायरी: आधी उरलेले चौघं

उमेदवारांची नावं बाजूला ठेवा. कोऱ्या कागदावर आपल्या सुरुवातीच्या पाचातले पॉइंट गार्ड सोडून चौघं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा: तो गुण कुठून करतो, त्याला बॉल कसा लागतो, आणि गरज पडली तर तो स्वतः बॉल पुढे आणू शकतो का.

आमचा कागद असा झाला. सेंटर डाव्या ब्लॉकवर (रिंगच्या डावीकडच्या खुणेपाशी) रिंगकडे पाठ करून खेळतो, त्याला पास उंच आणि बेसलाइनकडच्या (रिंगमागच्या रेघेकडच्या) हाताला लागतो. खाली आला तर तो वाकतो, आणि वाकला की बॉल गेलाच. शूटर ड्रिबल करून, म्हणजे बॉल आपटत नेऊन, मारत नाही. तो कोपऱ्यात उभा राहतो आणि आला तसा फेकतो. कोपऱ्यातून तीन गुणांची रेघ ६.६० मीटरवर आहे, बाकी ठिकाणी ६.७५ वर, आणि त्याच्यासारख्याला तेवढाही फरक पुरतो. पण पास छातीवर, बॉलची शिवण हाताला लागेल असा यायला हवा. गुडघ्यावर आला की शॉट मोडला. तिसरा कट मारणारा आहे, बॉलशिवाय धावतो, त्याला अर्धा सेकंद उशीर चालत नाही. चौथा बचावाचा माणूस, त्याच्याकडून गुणांची अपेक्षाच नाही. आणि चौघांपैकी बॉल आणणारा एकही नाही.

हा कागद समोर ठेवला की अर्धा वाद तिथेच मिटतो. या संघाला गुण करणारा पाचवा माणूस नको होता, बॉल वाटणारा हवा होता. तुमचा कागद वेगळा निघेल. तुमच्याकडे बॉल आणणारा फॉरवर्ड असेल आणि गुण करणारं कोणीच नसेल, तर तुम्हाला सात नंबरच लागेल, आणि ते बरोबरच असेल.

मोठ्या संघांनीही हा कागद न मांडता फटका खाल्ला आहे. २०२१ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या लेकर्स संघाने रसेल वेस्टब्रुकला आणलं. तो २०१७ चा सर्वोत्तम खेळाडू, गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि असिस्ट (ज्यावर लगेच गुण होतो तो पास) तिन्हींत दोन आकडी सरासरीचे हंगाम त्याने एकदा नाही, चार वेळा खेळलेले. पण लेकर्सकडे बॉल चालवणारा लेब्रॉन जेम्स आधीच होता, आणि वेस्टब्रुक बॉलशिवाय उभा राहिला की त्याचा बचावपटू बिनधास्त त्याला सोडून आत मदतीला जायचा, कारण बाहेरून त्याचा शॉट पडत नव्हता. ८२ सामन्यांत ३३ विजय, ४९ पराभव, प्लेऑफ (बाद फेरी) हुकली. त्याच्या बदल्यात जे गेले त्यांत बाहेरून मारणारा आणि चिवट बचाव करणारा केंटाव्हियस काल्डवेल-पोप होता. २०२३ मध्ये तो डेनव्हरकडून अजिंक्यपद जिंकला.

याच्या उलटं उदाहरण चॉन्सी बिलप्सचं. १९९७ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत बॉस्टनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि पहिल्याच हंगामात दुसरीकडे देऊन टाकलं. मग टोरंटो, डेनव्हर, मिनेसोटा अशी वणवण. २००२ मध्ये तो डेट्रॉइटला आला. तिथे स्क्रीनभोवती (बचावपटूची वाट अडवून उभ्या सोबत्याभोवती) सतत धावणारा रिचर्ड हॅमिल्टन त्याच वर्षी आला, बचावाला बेन वॉलेस होता, आणि घाई न करता बॉल योग्य जागी देणाऱ्या माणसाची जागा रिकामी होती. २००४ मध्ये त्याच डेट्रॉइटने लेकर्सना अंतिम फेरीत ४-१ असं हरवलं, आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू बिलप्स ठरला. तो रातोरात बदलला नव्हता. त्याच्या खेळाला शोभणारे चौघं त्याला मिळाले.

दुसरी पायरी: वही

स्कोअरशीटवर गुण आणि फाऊल दिसतात. बॉल कुठे गेला ते दिसत नाही. म्हणून एका पोराला वही-पेन देऊन बसवा, आणि आपल्या किमान चार मॅचेस लिहून घ्या. मोबाइलवर चित्रीकरण असेल तर घरी बसून लिहिता येतं. प्रत्येक चढाईला (बॉल आपल्याकडे आल्यापासून जाईपर्यंत) एक ओळ. चढाई कशी संपली: शॉट, फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारा मोकळा शॉट), की बॉल गेला? गेला तर मधल्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे? आणि कसा गेला?

शेवटच्या प्रश्नाला दोन खुणा ठेवा. बॉल बाहेर गेला किंवा ट्रॅव्हलिंग (बॉल न आपटता जास्त पावलं) झालं, तर खेळ थांबतो, आपण परत येऊन बचाव लावतो. त्याला साधी फुली. बॉल समोरच्याने हातातून घेतला, तर तो तसाच पळत जाऊन ले-अप (रिंगजवळून सोपा शॉट) मारतो. त्याला गोल. एक गोल दोन-तीन फुल्यांइतका महाग पडतो असं मी धरतो, आणि पॉइंट गार्डची किंमत मुख्यतः या गोलांवरून ठरवतो.

आता थोडं गणित. एका मॅचमध्ये संघाला किती चढाया मिळाल्या हे काढायला जगभर एक सूत्र वापरतात: मारलेले शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक गमावलेले बॉल, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४. समजा तुम्ही ६० शॉट मारले, १० रिबाउंड आक्रमणात घेतले, २० बॉल गमावले आणि १५ फ्री थ्रो घेतले. ६० वजा १० अधिक २० अधिक ६.६, म्हणजे साधारण ७७ चढाया. त्यातल्या २० मध्ये रिंगकडे बॉल गेलाच नाही, म्हणजे चारातली एक चढाई वाया. उरलेल्या ५७ चढायांत तुम्ही ५४ गुण केले असतील, तर चढाईमागे जवळपास एक गुण. आता नव्या गार्डने गमावलेले बॉल २० वरून १२ वर आणले, एवढंच. तरी आठ चढाया वाढल्या, म्हणजे सात-आठ गुण. आणि ते गुण त्याच्या नावावर कुठेही दिसणार नाहीत.

त्याच्या शेजारी गुण करणारा गार्ड ठेवा. तो वीस शॉट घेऊन अठरा गुण करतो. टाळ्या त्याला पडतात. पण ते वीस शॉट कोणाचे तरी होते. तुमचा संघ एका चढाईला ०.९५ करत असेल आणि हा एका शॉटला ०.९ करत असेल, तर त्या अठरा गुणांनी संघाला काहीच दिलं नाही. टपरीवर सात नंबरच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी हे कागदावर करून दाखवलं. दोघं लगेच गप्प झाले, बाकीच्यांना पटायला पुढची पायरी लागली.

तिसरी पायरी: उमेदवाराला डोळ्यांनी बघा

एका मॅचवरून कोणालाही आणू नका. तीन बघा. त्यातली एक अशी, ज्यात समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस (कोर्टभर अंगाशी येऊन बचाव) लावला आहे, आणि एक अशी, ज्यात त्याचा संघ हरतो आहे. जिंकताना सगळेच चांगले दिसतात.

बसायचं कुठे, हेही ठरवा. मधल्या रेघेजवळ पाहुण्यांच्या खुर्च्या असतात, तिथून फक्त पळापळ दिसते. रिंगच्या मागे, बेसलाइनपासून थोडं लांब आणि जमलं तर उंचावर बसा. तिथून पासच्या वाटा दिसतात: कोण मोकळा होता आणि गार्डने त्याला बघितलं का. पहिला क्वार्टर बॉलकडे बघूच नका, गार्डच्या मानेकडे बघा. रिबाउंड आपल्या माणसाने घेतला, बॉल गार्डच्या हातात आला, त्या क्षणी आधी मान वर जाते की आधी बॉल जमिनीवर आपटतो? ज्याचा हात आधी चालतो त्याला पुढचा मोकळा माणूस उशिरा दिसतो, आणि कट मारणारा तोवर बेसलाइनबाहेर पोचलेला असतो.

मग प्रेस. आपल्या भागात उघड्या सिमेंटच्या कोर्टावर खेळणारे बहुतेक संघ पहिल्या पाच मिनिटांतच प्रेस लावतात, कारण समोरच्याकडे बॉल सांभाळणारा एकच असतो हे त्यांना माहीत असतं. कोर्ट २८ मीटरचं, आणि आठ सेकंदांत मधली रेघ ओलांडायची. खरा सापळा मात्र रेघ ओलांडल्यावर लगेच, कोपऱ्यात असतो. तिथे मागे जाता येत नाही आणि बाजूला जाता येत नाही. मधली रेघ आणि साइडची रेघ समोरच्यांच्या बाजूने खेळणारे दोन जादा बचावपटूच असतात. चांगला गार्ड त्या कोपऱ्यात जातच नाही. तो ड्रिबल मधूनच ठेवतो, किंवा दोघं अंगावर यायच्या आत बॉल सोडतो. सात नंबरला मी प्रेसमध्ये बघितलं, तेव्हा तो दोघांना चकवून निघायचा, बघताना अंगावर काटा यायचा. पण पाचातून दोनदा गोल पडायचा. चार नंबर चकवायचाच नाही. दोघं येताना दिसले की मागे एक पाऊल, बॉल उलट्या बाजूला, आणि स्वतः पळत पुन्हा मोकळा. बघायला काहीच नाही, पण बॉल पलीकडे पोचलेला.

आणखी काही गोष्टी मी वहीच्या मागच्या पानावर लिहितो. डावा हात खरोखर चालतो, की डावीकडे ढकललं की बॉल उचलतो? असिस्टच्या आधीचा पास त्याचा होता का? तो पास कुठल्याच कागदावर येत नाही, पण बचाव मोडतो तोच. त्याचा चांगला पास सोबत्याच्या हातातून निसटला, तर तो कोणाकडे बघतो? हात झटकून बेंचकडे बघणाऱ्याला मी नमस्कार करतो आणि घरी जातो. फ्री थ्रोच्या वेळी खेळ थांबतो, तेव्हा तो चौघांना जवळ घेऊन काही सांगतो का? अकरा नंबर त्या वेळी मांडीवर हात ठेवून एकटा उभा असायचा. दम लागलेला नसायचा, बोलायची सवयच नव्हती.

उंचीची भीती मात्र फार धरू नका. मग्सी बोग्स पाच फूट तीन इंचाचा होता आणि एनबीएत चौदा हंगाम खेळला. जॉन स्टॉकटन सहा फूट एक इंच, आणि एनबीएतले सर्वाधिक असिस्ट त्याच्याच नावावर आहेत, १५,८०६. बुटका गार्ड बचावात पोस्टवर नेला जातो, हे खरं. पण आपल्याकडे बऱ्याच स्पर्धांत संघ झोन (माणसाऐवजी जागा सांभाळायचा बचाव) लावतात, आणि झोनमध्ये त्याला वर ठेवून हा तोटा बराच झाकता येतो. बॉलवर दबाव मात्र त्याला टाकता यायलाच हवा. समोरच्याच्या गार्डला आठ सेकंदांतले सहा खर्च करायला लावले, तरी त्याने बचावाचं अर्धं काम केलं.

चौथी पायरी: आपल्याच कोर्टावर चाचणी

तिघांनाही मी एकेका रविवारी बोलावलं, जाण्यायेण्याचं भाडं क्लबाने दिलं. भाडं द्याच. पोरगं एसटीने लांबून येतं, त्याला स्वतःच्या खिशातून परीक्षा द्यायला लावणं बरं नाही. चाचणी सकाळी साडेसहाला सुरू केली, कारण मे महिन्यात नऊनंतर सिमेंटवर पाय ठरत नाही.

पहिला भाग प्रेसचा. आपले चौघं अधिक उमेदवार, समोर सहा जण. दहा वेळा बॉल बेसलाइनवरून आत टाकायचा, आठ सेकंद मोठ्याने मोजायचे. दहापैकी सात वेळा पलीकडे आणि गोल जास्तीत जास्त एक, ही माझी मर्यादा.

दुसरा भाग पिक अँड रोलचा (सेंटर गार्डच्या बचावपटूला अडवतो आणि मग रिंगकडे वळतो), आपल्याच सेंटरबरोबर. इथे एक युक्ती आहे. बचाव करणाऱ्या दोघांना मी पाठीमागे बोटं दाखवून सांगतो, उमेदवाराला कळत नाही. एक बोट: बचावपटू स्क्रीनच्या खालून जाईल, म्हणजे गार्डला शॉट मोकळा. दोन बोटं: मागून पाठलाग करेल, म्हणजे आत घुसायचं. तीन: दोघंही बॉलवर येतील, म्हणजे रिंगकडे वळलेल्या सेंटरला पास. चार: दोघं माणसं बदलतील, म्हणजे सेंटरवर बुटका आला, बॉल पोस्टमध्ये. मुठ दाखवली की कोपऱ्यातला बचावपटू मदतीला येणार, म्हणजे बॉल कोपऱ्यातल्या शूटरकडे. पंधरा वेळा हे करा आणि किती वेळा बरोबर उत्तर आलं ते लिहा. शॉट पडला की नाही ते लिहू नका. सात नंबरने एक बोट आणि दोन बोटं सुरेख सोडवली, तीन आणि मुठीला तो अडखळला, कारण तोवर त्याची नजर रिंगवर गेलेली असायची. चार नंबरचा पास तिनाला प्रत्येक वेळी सेंटरच्या वरच्या हाताला गेला. आमचा सेंटर बोलका नाही. पण त्या दिवशी पाणी पिताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, याचा बॉल दिसतो." आतापर्यंतचा सगळा वाद माझ्यासाठी त्या तीन शब्दांत संपला, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. बैठक बाकी होती.

तिसरा भाग तोंडी. जमिनीवर खडूने कोर्ट काढा आणि विचारा. समोरच्यांचे या क्वार्टरमध्ये चार टीम फाऊल झालेत, आता काय बदललं? (पुढच्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे बाहेरून मारत बसायचं नाही, आत घुसायचं.) तिसरा क्वार्टर संपायला ३८ सेकंद आहेत, बॉल आपला, शॉट कधी? (घड्याळात ३४-३२ सेकंद उरले असताना, चांगला मिळाला तर. समोरच्याने शॉटसाठी मिळणारे पूर्ण २४ सेकंद घेतले तरी शेवटची चढाई आपल्याला उरते.) आक्रमणात रिबाउंड आपण घेतला, किती वेळ आहे? (१४ सेकंद, पुन्हा २४ नाहीत.)

आणि एक प्रश्न जो मी कधीच सोडत नाही: टाइमआउट कोण मागतं? एनबीए बघून वाढलेली पोरं कोर्टावर हातांनी खूण करतात. आपल्या स्पर्धा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी चालतात, आणि तिथे टाइमआउट फक्त प्रशिक्षक किंवा पहिला सहायक प्रशिक्षक स्कोअररच्या टेबलाकडे मागू शकतो. गार्ड खूण करत उभा राहतो, शिट्टी वाजत नाही, आणि आठ सेकंद निघून जातात. हे मी स्पर्धेत घडताना बघितलं आहे. शेवटच्या दोन मिनिटांत आपल्या अर्ध्यात बॉल असताना टाइमआउट घेतला, तर बॉल पुढच्या अर्ध्यातून आत टाकता येतो, पण मग शॉट क्लॉकवर जास्तीत जास्त १४ सेकंद मिळतात, हेही गार्डला पाठ हवं. उत्तर आलं नाही म्हणून कोणाला नाकारू नका, नियम एका संध्याकाळी शिकवता येतात. उत्तर न आल्यावर तो पुढचा प्रश्न विचारतो की मान खाली घालतो, ते बघा.

शेवटी फ्री थ्रो, पण दमलेल्या अवस्थेत. कोर्ट दोनदा पळून दोन फ्री थ्रो, असं पाच वेळा. शेवटच्या मिनिटात फाऊल त्याच्यावरच होणार आहेत. चार नंबरने दहापैकी पाच टाकले. ही त्याची खरी उणीव होती आणि मी ती वहीत लाल पेनाने लिहिली.

पाचवी पायरी: घर, शेत, परीक्षा, भरती

मराठवाड्यात खेळाडू निवडताना ही पायरी सोडली, तर वरचं सगळं पाण्यात जातं. पॉइंट गार्ड रविवारी येऊन खेळून जाणारा असू शकत नाही. शूटर एक वेळ चालेल, तो कोपऱ्यात उभा राहील. गार्डला चौघांच्या सवयी हाताला माहीत असाव्या लागतात, त्यासाठी आठवड्यातून किमान तीन संध्याकाळी तो इथे हवा.

म्हणून घरी जा. वडिलांना भेटा, आईच्या हातचा चहा घ्या आणि सरळ विचारा. शेती किती, कोरडवाहू का? ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला आलं की पोरगं पंधरा दिवस गावाकडे असतं, आणि त्याने असावंच, त्यात गैर काही नाही. फक्त त्या पंधरवड्यात स्पर्धा येते का, ते आधी कळायला हवं. बारावीला आहे का? लातूरला नीटच्या शिकवणीला गेलेलं पोरगं दोन वर्षं कोर्टावर दिसत नाही. कॉलेजकडून खेळतो का, आणि विद्यापीठाच्या स्पर्धेच्या तारखा कुठल्या? त्याला खेळाच्या प्रमाणपत्राची गरज आहे का? शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रं चालतात. आपली स्पर्धा त्यात बसत नसेल, तर ते आधीच सांगा. अशा बाबतीत पोराला आशेवर ठेवणं मला पाप वाटतं. मुलींच्या संघासाठी गार्ड शोधत असाल तर याच भेटीत परतीच्या प्रवासाचंही ठरवा: अंधार पडल्यावर घरी कोण सोडणार, नाव आणि फोनसकट.

अकरा नंबर इथेच मागे पडला. भरतीची जाहिरात कधीही येते, मग १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, आणि निवड झाली की प्रशिक्षणाला रवाना. त्याची निवड व्हावी असंच मला वाटत होतं, आणि मी त्याला तसं सांगितलं.

उपलब्धतेचा हा हिशेब एनबीएतही चुकतो. २००९ च्या निवडीत मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन क्रमांक होते. दोन्हीवर त्यांनी पॉइंट गार्डच घेतले, रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन. रुबिओ स्पेनमध्येच राहिला आणि २०११ मध्ये आला. फ्लिन तीन हंगामांत एनबीएबाहेर गेला. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने स्टेफन करीला उचललं.

आणि स्पर्धेचं प्रवेशपत्रक अक्षर न् अक्षर वाचा: बाहेरच्या जिल्ह्याचे किती खेळाडू चालतात, एका हंगामात दोन संघांकडून खेळता येतं का, ओळखपत्र कुठलं. शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत तर प्रश्नच नाही, पोरगं त्याच शाळेच्या किंवा कॉलेजच्या पटावर हवं.

सहावी पायरी: बैठक

चर्चा सुरू करण्याआधी सगळ्यांनी कागदावर लिहायचं, हा एकच नियम पाळला तरी बैठक निम्मी चांगली होते. आमच्याकडे सहा जण होते. प्रत्येकाने चौघा उमेदवारांना पाचापैकी गुण दिले: प्रेसखाली बॉल सांभाळणं, आपल्या चौघांना पास, बचाव, उपलब्धता. चौघं म्हणजे घरचा राखीव गार्डही. त्याला याच चाचणीतून नेलं होतं. बेरजेवर मी निर्णय घेत नाही. कागदांवर जिथे एकाने पाच आणि दुसऱ्याने दोन दिलेत, तिथेच बोलणं करतो, बाकीचं सोडून देतो. बोलायचा क्रम: आधी सेंटर, मग शूटर, मग कप्तान, शेवटी प्रशिक्षक. ज्यांना बॉल मिळायचा आहे ते आधी बोलले पाहिजेत. प्रशिक्षक आधी बोलला की बाकीचे मान हलवतात.

आमची तासभर चर्चा बचावावर झाली, कारण चार नंबरला तिथे पाच आणि दोन दोन्ही पडले होते. शेवटी झोनमध्ये तो वर राहील आणि मॅन टू मॅनमध्ये (प्रत्येकाने एक माणूस धरायचा) आमचा बचावाचा माणूस समोरच्याचा गार्ड घेईल, असं ठरलं, आणि निवड चार नंबरची झाली. सात नंबरला मी स्वतः फोन करून नकार कळवला आणि कारणही सांगितलं. निरोप दुसऱ्याकरवी पाठवू नका.

निर्णय जाहीर करण्याआधी घरच्या पोराला एकटं भेटा. मी त्याला कोर्टाच्या पायरीवर बसवलं आणि वही उघडून त्याचेच आकडे दाखवले: पिक अँड रोलमध्ये चार नंबरच्या जवळपास, प्रेसमध्ये दहापैकी चार. मॅचमधली आठ मिनिटं त्याची, दुसऱ्या क्वार्टरची सुरुवात, काहीही झालं तरी. हे त्याला शब्द म्हणून दिलं. त्याचे डोळे भरले, पण दुसऱ्या दिवशी सरावाला तो सगळ्यांच्या आधी आलेला होता.

सातवी पायरी: पहिला महिना

नव्या गार्डवर पंधरा चाली लादू नका. चार पुरतात. आमच्या चालींना तालुक्यांची नावं आहेत, कारण ती गोंगाटात ऐकू येतात आणि पोरं विसरत नाहीत: "सेलू" म्हणजे डाव्या ब्लॉकवर सेंटर, "मानवत" म्हणजे कोपऱ्यातला शूटर, "जिंतूर" म्हणजे पिक अँड रोल, "पालम" म्हणजे प्रेस मोडायची. पहिले दोन आठवडे फक्त "पालम" आणि "सेलू". फ्री थ्रो रोज सरावाच्या शेवटी, दमल्यावर, वीस.

कप्तानपद लगेच देऊ नका. कोर्टावर चाली पुकारायचा अधिकार मात्र पहिल्या दिवसापासून त्याचाच, आणि बेंचवरून आपण त्याच्यावर ओरडून दुसरी चाल पुकारायची नाही. मला हे जड जातं, तरी पाळतो. चार मॅचेसनंतर पुन्हा तीच वही, तेच रकाने. गोल कमी झाले नसतील, तर माणूस बदलायच्या आधी चाली चारांवरून दोनवर आणा आणि आणखी दोन मॅचेस थांबा.

वही मी आता राखीव गार्डच्याच हातात देतो. तिसऱ्या मॅचला दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो माझ्या बाहीला हात लावून म्हणाला, "सर, ते आपल्याला सारखं डावीकडंच ढकलायलेत, सगळे गोल तिकडंच हैत." मी टेबलाकडे जाऊन टाइमआउट घेतला आणि पोरांसमोर बोलायला त्यालाच पुढे केलं.